लाल फुली किती लांबून दिसते? लेनवरचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तपासायची माझी पद्धत

किणी टोलनाक्यावर रांगेत उभं राहिलं की छपराला टांगलेला चौकोनी डबा दिसतो. हिरवा बाण असेल तर गाडी घालायची, लाल फुली असेल तर शेजारच्या रांगेत घुसायला जागा शोधायची. तिथं गाडी आधीच रांगत असते, त्यामुळे डबा अगदी साधा असला तरी खपून जातं. तोच डबा उघड्या हायवेवर गँट्रीला, म्हणजे रस्त्यावरच्या आडव्या लोखंडी कमानीला लटकवला आणि खालून शंभरच्या वेगानं गाड्या यायला लागल्या, की मग त्याची खरी परीक्षा.

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत अठरा वर्षं मी एलईडी बोर्डांच्या टेस्टिंगवर काढली, आता सुटी कामं घेते. सातारा-कागल सहापदरी व्हायला लागल्यापासून ओळखीतली पोरं विचारतात, ‘ताई, असला बोर्ड पास करायचा म्हणजे नक्की बघायचं काय?’ प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं.

बोर्डाला हात लावायच्या आधी माणसांकडं जा. बोर्डावर जे दाखवणार त्याचा अर्थ वाचणाऱ्याला कळतो का, हे बघायला मीटर लागत नाही. पुठ्ठ्यावर चार चित्रं काढा: लाल फुली, उभा खाली टोक केलेला हिरवा बाण, पिवळी फुली, आणि बाजूच्या लेनकडं वळलेला तिरका बाण. आणि चहाच्या टपरीवर बसा. ‘हे कळतं का?’ असं चुकूनही विचारू नका. आपल्याकडं ‘कळतं की!’ याशिवाय दुसरं उत्तर मिळत नाही. विचारायचं असं, ‘डोक्यावर हे दिसलं तर तुम्ही काय करणार?’

साखर कारखान्याच्या गव्हाणीबाहेर ट्रॅक्टरवाल्यांना मी हे विचारलं होतं. लाल फुलीला सगळ्यांचं उत्तर एकच, ‘तिकडं जायचं नाही.’ हिरव्या बाणाला एकजण म्हणाला, ‘पुढं बोगदा असंल, खाली जायचं.’ पिवळ्या फुलीला तर एकानं छातीठोक सांगितलं, ‘ही रेल्वेच्या शेवटच्या डब्यावर असते ती.’ खरंच आहे की त्याचं! अमेरिकेच्या एमयूटीसीडी या नियमपुस्तकात पिवळ्या फुलीचा अर्थ आहे, ‘ही लेन बंद होतेय, सोडायच्या तयारीला लागा.’ आपल्याकडच्या माणसानं ती फुली बघितलीय ती गाडी निघून जाताना. म्हणून माझं मत असं की आपल्या रस्त्यावर पिवळ्या फुलीच्या जागी तिरका बाण वापरावा. कुठं जायचं ते तो सांगतो. लाल फुली आणि हिरव्या बाणाची जोडी मात्र बदलायच्या फंदात पडू नका. १९६८ च्या व्हिएन्ना करारात तीच आहे, आणि त्याच्याही आधी साठच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या जॉन सी. लॉज फ्रीवेवर तीच टांगलेली होती. शिवाय ज्याला लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही, त्यालाही फुली आणि बाण वेगळे दिसतात.

आता अंतर. एमयूटीसीडीचं म्हणणं, सिग्नलचा रंग २,३०० फुटांवरून स्पष्ट दिसला पाहिजे, म्हणजे साधारण ७०० मीटर. आणि आकृती किमान १८ इंच हवी, म्हणजे ४५ सेंटिमीटरच्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक समजतात, ७०० मीटरवरून फुली वाचता येणार. तसं होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडचा तक्ता आठवा. ६/६ नजरेचा माणूस जे सर्वांत बारीक अक्षर वाचतो ते डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं, एका अंशाचा बारावा भाग. ४५ सेंटिमीटरची आकृती हा कोन करते साधारण ३१० मीटरवर. म्हणजे ७०० मीटरवर फक्त लाल काहीतरी दिसणार. ती फुली आहे हे ३१० ला कळणार, तेही नजर पक्की असेल तर. ६/१२ नजर असेल तर दीडशेला. शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. ३१० मीटर म्हणजे हातात अकरा सेकंद, दीडशे म्हणजे साडेपाच. साडेपाच सेकंदांत आरसा बघायचा, इंडिकेटर द्यायचा, मागचा ट्रक जागा देतोय का ते बघायचं आणि लेन बदलायची. मला तरी जमणार नाही. म्हणून १८ इंचांवर भागवू नका, मोठी आकृती मागा.

ही बेरीज-वजाबाकी कागदावर झाली, आता रस्त्यावर. वाहत्या हायवेवर हा प्रयोग करायचा नाही. अजून वाहतूक सुरू न झालेला तुकडा किंवा कारखान्याच्या आतला सरळ रस्ता घ्या, त्याचीही लेखी परवानगी घ्या. टेपनं मोजून दर ५० मीटरवर चुन्याची रेघ मारा. किलोमीटरच्या दगडांवर आणि गाडीच्या मीटरवर विसंबू नका. गाडीत तिघं हवीत. चालवणारा फक्त चालवेल, शेजारचा बोलेल, मागचा लिहील. शेजारच्यानं आधी रंग दिसला की ‘लाल’ म्हणायचं, आकार कळला की ‘फुली’, आणि मागच्यानं कुठल्या रेघेला ते म्हटलं ते टिपायचं.

आणि बोर्डापाशी एक माणूस चिठ्ठ्या घेऊन उभा करा. प्रत्येक फेरीला त्यानं चिठ्ठी उचलायची, निघेल ते लावायचं, गाडीतल्या कुणाला सांगायचं नाही. याचं कारण सांगते. पहिल्या वेळी मी क्रम स्वतःच ठरवला होता, फुली, बाण, फुली, बाण. तिसऱ्या फेरीला मला पाचशे मीटरवरूनच फुली स्वच्छ दिसली. जवळ गेल्यावर बघते तर बाण! वरच्या पोरानं बटण दाबायला उशीर केला होता. पाचशे मीटरवरून मला माझी यादी दिसत होती. रंगसुद्धा नीट बघितला नव्हता.

शेजारच्या सीटवर मी माझ्या वडिलांना, आबांना बसवते. आबा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-पुणे पाठ असलेला माणूस. आता सत्तरी उलटली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. टेस्टिंगला आलेली विशी-पंचविशीची पोरं ज्या रेघेला ‘फुली’ म्हणतात, त्याच्या कितीतरी पुढं गेल्यावर आबा म्हणतात, ‘हां, आता दिसली बघ.’ एकदा ठेकेदाराच्या साहेबांनी सुचवलं, ‘वडिलांचे आकडे सरासरीत धरू नका, रिपोर्ट खराब दिसतो.’ मी धरत नाहीच, वेगळ्या रकान्यात लिहिते. सरासरीत घातले की ते बुडून जातात. हायवेवर आबांच्या वयाची माणसं ट्रक चालवतात, त्यांचा रकाना वेगळा दिसलाच पाहिजे.

गाडी बोर्डाच्या अगदी जवळ आली की काय होतं तेही बघा. बोर्डाचा मध्य रस्त्यापासून सव्वासहा मीटरवर धरला आणि कारमधल्या डोळ्याची उंची १.२ मीटर, तर शेवटच्या तीसेक मीटरमध्ये बोर्ड काचेच्या वरच्या कडेआड जातो. तिथं तो विझला काय नि पेटला काय, सारखंच. पण त्याच्या आधीच तो फिका पडत असेल तर एलईडीचा झोत फार अरुंद आहे किंवा डबा खाली पुरेसा झुकवलेला नाही. तीन लेन असतील तर डाव्या लेनमधून उजव्या लेनचा बोर्डही बघा. साडेतीन मीटरच्या लेन धरल्या तर तो सात मीटर बाजूला असतो, ३० मीटरवरून १३ अंशांचा कोन. तिथून दुसऱ्या लेनची फुली आपल्याच लेनची वाटते का, हे ड्रायव्हरला विचारा. आणि एक फेरी ट्रकच्या केबिनमधून कराच. तिथून सगळेच कोन बदलतात.

उन्हाचं प्रकरण जरा सविस्तर सांगते, कारण बोर्ड नापास होतात ते इथंच. आपला पुणे-बंगळूर हायवे कोल्हापूरजवळ बराचसा उत्तर-दक्षिण आहे, म्हणून मावळतीचं ऊन समोरून फारसं येत नाही. तेवढ्यावर समाधान मानलं तर बोर्ड खरोखर तपासलाच गेला नाही. मी सांगली रस्त्याच्या दिशेनं जाणारा तुकडा शोधते. सकाळी हातकणंगल्याकडं तोंड केलं की सूर्य थेट डोळ्यांत. बोर्ड त्याच्यापुढं काळा ठिपका होतो आणि बाण त्यात बुडतो. मग बोर्डाच्या पलीकडं जायचं आणि गाडी माघारी फिरवायची. बोर्डाचं तोंड सूर्याकडं करायला सांगायचं. आता ऊन आपल्या पाठीमागून येऊन बोर्डाच्या तोंडावर पडतं. बोर्ड पूर्ण बंद करायला सांगा आणि नुसतं बघत बसा. बंद बोर्डावर फिकट बाण दिसतो का? भिंगांत शिरलेलं ऊन परतून येतं आणि न लागलेला दिवा लागल्यासारखा वाटतो. असा भुताटकीचा बाण बंद लेनवर दिसला तर काय होईल ते सांगायला नको. उपाय साधे असतात: प्रत्येक ओळीवर छोटा छज्जा, पुढं काळा मॅट पत्रा, चकचकीत काच नको.

मीटर असेल तर युरोपच्या ईएन १२९६६ या मानकाचा आधार घ्या. त्यात बोर्डावर ४०,००० लक्सचा (लक्स म्हणजे पडणाऱ्या उजेडाचं माप) कृत्रिम सूर्य पाडून बोर्डाचा उजेड मोजतात. सर्वांत वरच्या, एल-३ या वर्गासाठी दर चौरस मीटरला पांढऱ्याला किमान १२,४०० कँडेला (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) लागतात, पिवळ्याला ७,४४०, हिरव्याला ३,७२० आणि लालला ३,१००. पुरवठादार ‘आमचा बोर्ड बारा हजारांचा आहे’ म्हणाला की विचारा, कुठल्या रंगाचा? आपल्या या बाण-फुलीच्या बोर्डात पांढरा नसतोच.

आणखी एक गोष्ट, ही कॅटलॉगात बारीक अक्षरांत असते. लाल आणि पिवळे एलईडी ज्या पदार्थाचे बनतात तो तापला की त्यांचा उजेड हिरव्यापेक्षा जास्त घटतो. वर्कशॉपमधल्या एसीत मोजलेली लाल फुली एप्रिलच्या दुपारी तेवढी उरत नाही. म्हणून डबा उन्हात दोन-तीन तास चालू ठेवा, पत्र्याला हात लावून चटका बसेल इतका तापू द्या आणि मग पुन्हा मोजा. सकाळचा आणि दुपारचा आकडा शेजारी शेजारी लिहा. दुपारी सूर्य डोक्यावर, ड्रायव्हर पेंगुळलेला, आणि नेमकी थांबवणारी खूण फिकी पडलेली: वाईट दिवस असेल तर असा असतो.

रात्री उलटं. दिवसाच्या ताकदीनं जळणारा हिरवा बाण कागलच्या पुढच्या अंधारात डोळे दिपवतो, आकार राहत नाही, नुसता हिरवा गोळा. डिमिंग, म्हणजे अंधारात उजेड कमी होणं, आपोआप होतं का ते सेन्सरवर टॉर्च मारून आणि तो हातानं झाकून बघा, हे दहा मिनिटांचं काम आहे. पण सेन्सर किती आहेत ते आधी मोजा. एका बोर्डाला एकच होता, त्याच्यावर कबुतरानं आपला शिक्का मारला आणि भर दुपारी बोर्ड रात्र समजून मंद झाला. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर सगळं ठीक होतं. पुढं-मागं दोन सेन्सर हवेत, आणि दोघांत फार तफावत पडली तर बोर्डानं तक्रार केली पाहिजे.

पाणी-धुळीचं थोडक्यात. आयपी ६५ (धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो, असा दर्जा) लिहिलेलं असेल तर पाइपनं सगळ्या बाजूंनी फवारा मारा आणि मग डबा उघडा. केबल शिरते ती भोकं बघा, गळती बहुतेक वेळा तिथूनच होते. पाल शिरेल एवढी फट दिसली तर तिथंच काम थांबवा. पालीनं पेटवलेले कंट्रोलर मी बघितलेत.

आता बिघाड. इथं घाई करू नका, अर्धा दिवस राखून ठेवा. चालू बोर्ड सगळ्यांनाच छान दिसतो. तो मोडल्यावर काय दाखवतो ते आपण स्वतः मोडून बघायचं.

सुरुवात एका स्ट्रिंगपासून. एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की अख्खी ओळ जाते. लाल फुलीतली एक ओळ काढून टाका. जोडणी बेअक्कल असेल तर फुलीचा एक आख्खा हात जातो आणि उरते तिरकी रेघ. शंभरच्या वेगात त्या रेघेचा अर्थ काय लावायचा? बाणाचं टोक गेलं तर उरते नुसती उभी काठी. चांगल्या बोर्डात शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या ओळींवर असतात. एक ओळ गेली तर फुली थोडी विरळ होते, पण फुलीच राहते. पुरवठादाराला नकाशा मागा. नकाशा नसेल तर स्वतः वायर काढून फोटो घ्या. मोबाइलच्या फोटोत पट्टे दिसले तर घाबरू नका, दिवे वेगानं चालू-बंद होत असतात म्हणून ते दिसतात.

मग कंट्रोल रूमची खोटी बातमी. एका ठिकाणी मी बोर्डाची फ्यूज काढून खिशात टाकली आणि आत जाऊन बसले. पडद्यावर लाल फुली झळकत होती, खाली ‘ओके’. ऑपरेटर म्हणाला, ‘मॅडम, फुली लागलीय की.’ मी फ्यूज टेबलावर ठेवली. त्या सॉफ्टवेअरला हुकूम पोचला एवढंच माहीत होतं, दिवा पेटला का ते नव्हतं. म्हणून अटीत लिहून घ्या की बोर्डानं एलईडीतून वाहणारा करंट मोजून उत्तर द्यायचं, नुसतं ‘मिळालं’ म्हणायचं नाही. ती फ्यूज द्यायची राहिली, अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तिसरं, फायबर उपटा. कंट्रोल रूमशी संपर्क तुटल्यावर बोर्ड काय करतो? बरेच बोर्ड शेवटचं चित्र धरून ठेवतात. लाल फुली अडकून राहिली तर लेन फुकट जाईल, जीव जाणार नाही. हिरवा बाण अडकला आणि पुढं ट्रक उलटला, तर आपणच ट्रकांना बोलावल्यासारखं. माझं मत: हिरवा बाण ठरावीक मुदतीनंतर आपोआप विझावा, फुली राहावी, आणि मुदत किती ते कंट्रोल रूममधल्या माणसांना तोंडपाठ असावं. लाल आणि हिरवं एकाच वेळी पेटायला लावा, कंट्रोलरला मुद्दाम चुकीचा हुकूम देऊन. पेटलं तर बोर्ड नापास, चर्चा नाही. मेन स्विच बंद करून यूपीएस किती वेळ खेचतो ते घड्याळ लावून बघा, आणि ती वेळ सगळे दिवे पेटवून मोजा. कमी व्होल्टेजही देऊन बघा. गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी पंप सुरू झाले की काय होतं ते आपल्याला माहीतच आहे.

एक बोर्ड पास झाला म्हणून गँट्रीची अख्खी रांग पास होत नाही. हिरव्यावरून थेट लालवर उडी नको. आधीच्या गँट्रीवर तिरका बाण, पुढच्या गँट्रीवर फुली. दोन गँट्रींत ५०० मीटर असतील तर कार ते १८ सेकंदांत कापते. पण आपल्या रस्त्यावर नोव्हेंबरपासून उसाचे ट्रॅक्टर असतात, मागं दोन ट्रॉल्या, वेग वीसच्या आसपास. त्यांना तेच अंतर जायला दीड मिनिट लागतं. तिरका बाण बघून ट्रॅक्टरवाला निघाला आणि तो पोचायच्या आत सॉफ्टवेअरनं तीन वेळा चित्र बदललं, तर त्याला काहीच कळणार नाही. वेळांचं कोष्टक मागा आणि वीसच्या वेगानं एकदा स्वतः चालवून बघा. मागच्यांच्या शिव्या बसतात, खाऊन घ्यायच्या. पुराचाही विचार करा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि वाहतूक बंद पडली. बोर्ड तिथं असते तर सगळ्या लेनला एकदम फुली द्यायची सोय लागली असती, आणि कंट्रोलरचा डबा पाण्याच्या वर. डबा किती उंचीवर आहे ते मोजायला दोन मिनिटं लागतात, पण मोजत कुणी नाही.

बोर्ड लागल्यावर लोक तो मानतात का, हे व्हिडिओवरूनच कळतं. फुलीच्या आधी २०० मीटरवर एक रेघ ठरवा आणि त्या रेघेनंतरही बंद लेनमध्ये असलेल्या गाड्या मोजा. बोर्ड लावायच्या आधीचे असेच आकडे हवेत, त्याच वाराचे, त्याच वेळेचे. अमावस्या टाळा, आदमापूरला जाणाऱ्यांच्या गाड्यांनी सगळं गणित बिघडतं. जोतिबाची चैत्र यात्राही टाळा. फुली दिली त्या प्रत्येक वेळी खाली खरंच काही काम किंवा अपघात होता का, तेही लिहा. काम उरकून पोरं जेवायला गेली आणि फुली तशीच राहिली, असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी तिच्याखालून सगळे जातात. ब्रिटनमध्ये जून २०१९ पासून लाल फुलीखालून जाणाऱ्यांना कॅमेऱ्यावरून दंड लागतो, १०० पौंड आणि लायसन्सवर तीन गुण. आपल्याकडंही दंड लावा, पण त्याआधी खोटी फुली बंद करा.

शेवटचं काम सहा महिन्यांनी. बोर्ड धुवायला माणूस येणार असेल त्याच्या आदल्या दिवशी जा आणि मळका असतानाच उजेड मोजा. पाचटाचा धूर, ट्रॉलीची माती, डिझेलची काजळी, सगळं त्या भिंगांवर बसलेलं असतं. मग धुवून घ्या, परत मोजा. दोन आकड्यांत जो फरक येईल त्यावरून धुण्याच्या तारखा ठरवा. आबांना त्या दिवशीही घेऊन जा, पण दुपारी जेवण झाल्यावर नको. ते गाडीत झोपतात.